नाद

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत
महिना होत आला, एक ड्रम फिरतोय.
मोटार कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या कूलरची,
पट्टा पिठाच्या गिरणीतला, तोकडा करून जोडलेला,
आणि आतलं रबर दिलावर शिकलगारनं दिलंय
ट्रकच्या ट्यूबमधून कापून,
'पैसं नकोत, पण पहिला चकचकीत खडा माझा' या बोलीवर.

आत दगड आहेत.
चार पंचगंगेच्या पात्रातले,
बाकीचे गारगोटीच्या रस्त्याकडेच्या
खडीच्या ढिगातून वेचलेले.
पिशवी घेऊन परतीच्या एस.टी.त चढलो
तर कंडक्टर म्हणाला,
नाव वाचून आलासा काय, पाव्हणं?

खर्र खर्र, मधेच एक टप्प, पुन्हा खर्र.
पहिल्याच आठवड्यात
खालच्या पोवारवहिनी जिना चढून आल्या.
दळण टाकलंय काय भावजी, रात्रभर?
मी झाकण काढून दाखवलं.
त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.
"दगडं दळताय?
नाद खुळा!"
हे कौतुक होतं की दुसरं काही
ते कोल्हापुरात
विचारून कळत नसतं.

एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर उभा होतो.
शाफ्ट, बुश, पुली, पुन्हा शाफ्ट.
ड्रॉइंगवर लिहिलेलं असायचं सगळं,
व्यास किती, सूट किती, गोलाई कुठं.
केसाएवढं जास्त खाल्लं टूलनं
की जॉब लाल ट्रेमध्ये.
झोपेतसुद्धा माझी बोटं
मायक्रोमीटर फिरवत असायची, असं ही सांगते.

इथं ड्रॉइंगच नाही.
पाणी, ऐंशी नंबरची भुकटी,
आणि दगडावर दगड.
टूल कोण आणि जॉब कोण
ते आतल्या आत, अंधारात ठरतं.
मला कुणी विचारायला येत नाही.
सुरुवातीला हे सोसलं नाही.
तासातासाला मोटार थांबवून डोकवायचो,
भात शिजला का बघावं तसं.

रविवारी गाळ काढायचा.
राखाडी, दाट, दह्यासारखा.
मोरीत ओतायचा नाही,
हे एकदा ओतून शिकलो.
प्लंबर आठशे घेऊन गेला,
हिचं बोलणं वेगळं.
आता सगळा जास्वंदीच्या बुडाशी.

मग दगड धुवून तराजूत.
घातले होते बाराशे ग्रॅम,
निघाले नऊशे ऐंशी.
दोनशे वीस जास्वंदीला, असं वहीत लिहिलं.
कारखान्यात लोखंडाचा कीस
पोत्यात भरून भंगारवाला न्यायचा,
त्याची पावती असायची.
डोंगर एवढा झिजला
त्याची ही एकच नोंद.

तांबूस होता एक, माझी सगळी भिस्त त्याच्यावर.
तिसऱ्या रविवारी त्याचे दोन निघाले.
मी बाजूला ठेवला, सवयीनं, रिजेक्ट.
हिनं उचलून उजेडात धरला.
तुटल्या जागी आत पट्टे होते,
बारीक, एकाला एक लागून,
इरकलीच्या काठासारखे.
काही बोलली नाही.
दोन्ही तुकडे ड्रममध्ये टाकले
आणि झाकण स्वतः आवळलं,
माझ्यापेक्षा घट्ट.

आज शेवटची पॉलिशची भुकटी धुतली.
दिलावर आला, बोलीचा खडा न्यायला.
ताटात दगड ओले होते,
डोळ्यांसारखे. मी म्हणालो, बघ!
तो बघतच नव्हता.
पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्या घरातला माणूस,
अंगठ्याच्या नखावरून एक खडा ओढून
परत ठेवून म्हणाला,

"ओलं असताना समदंच चमकतंय.
वाळू दे."

मग कालच्या पेपरवर दगड पसरून
आम्ही तिघं गच्चीवर बसलोय.
पोवारवहिनी खालून विचारतायत,
आज आवाज का नाही, भावजी?
कडेचा एक खडा
आधी वाळायला लागलाय.
त्याच्याकडं
अजून कुणी बघत नाही.