शून्याची जागा

दाभोळ बंदरावर माझं दुकान,
फेरीबोटीच्या तिकीटखिडकीला लागून.
इथे येतात ती भिंतीवरची, सेलवरची,
ट्रॉलरवाल्यांची, खाऱ्याने फुगलेली.
हे तसलं नव्हतं.

सफूराबाई चौगुल्यांनी रुमाल सोडला.
"चालू करा. पण हा लांब काटा हलवायचा नाही.
आणि हा बारकाही."
लांब काटा तेविसाच्या पुढे दोन रेघा,
बारका अकरावर.
नवरा बोटीवर सेकंड इंजिनियर.
सामान आलं, त्यात हे आलं.

अकरा मिनिटं, तेवीस सेकंद आणि थोडं.
भाताला कमी, अंड्याला जास्त.
धोपाव्याच्या फेरीला? ते भरतीवर आहे.
मी विचारलं नाही.

पंखा बंद केला, दार लोटलं,
झाकण फिरवलं
आणि भिंग लावून नुसता बसून राहिलो.

कुठल्याशा बर्फाच्या गावातल्या माणसाने
पट्ट्यांच्या खालच्या कडासुद्धा घासून उजळल्या होत्या,
जिथे कुणी बघणार नाही.
आमचा सुतार होडीच्या पोटातल्या फळीवर
एक रंधा उगाच जास्त मारतो, तसं.
सहा खांबांचं इवलंसं चाक.
बटण दाबलं की एक घर सरकतं,
एक तरफ उतरते, एक उठते,
आणि धावत्या दात्यांत दाते असे शिरतात
की काटा दचकत नाही.

त्याखाली बदाम.
पत्त्यातला असतो तस्सा, पोलादाचा.
त्यावर हातोडी पडली
की काटा कुठेही असो,
उतरणीवरून घसरत शून्यावर येतो.
बदाम कापलाच तसा आहे.

हे सफूराबाईंना कसं सांगायचं?

सतरा दिवस गेले.
भेंडाच्या गाभ्यात टोचून टोचून आस पुसले,
सुईच्या टोकावर मावेल तेवढं तेल,
पेल्याखाली झाकलेला एकेक स्क्रू
मोजून परत जागेवर.
सेकंदाचे पाच तुकडे करत ते चालायला लागलं.

काटे शेवटी.
हातोडी पाडली, बदाम शून्यावर.
आणि लांब काटा मी शून्यावर बसवला नाही.
तेविसाच्या पुढे दोन रेघा. बारका अकरावर.
आता मोजणी तिथून सुटेल,
पुसली की तिथेच परत येईल.

उद्या कुणी जाणता कारागीर उघडेल,
म्हणेल, कुठल्या अडाण्याचा हात लागला!
म्हणून झाकणाच्या आत,
जुन्या दुरुस्त्यांच्या तारखांखाली
सुईने कोरलं:
दाभोळ. काटे बरोबर आहेत.