विषम

रात्री पावणेदोनला ती आली,
स्वेटरच्या आत बोका, स्वेटरवर कोट, कोटावर बर्फ.
रीगाच्या ट्रॅम केव्हाच बंद झालेल्या,
दौगावा नदीवरचा पूल चालत ओलांडून.
नाव वेल्ता. वय चौऱ्याहत्तर.
बोक्याचं नाव पुन्त्सिस, म्हणजे पोटुल्या.
ओकून ओकून
त्याचं नाव त्याला सैल झालं होतं.

मी छापील प्रश्न विचारला :
घरात झाडं कोणती?
आणि ती सांगू लागली, सोयरीक सांगावी तशी.

डिफेनबाखिया, रेडिओच्या कारखान्यातली.
कारखाना बंद झाला त्या दिवशी
लोकांनी खुर्च्या नेल्या, टेलिफोन नेले,
हिने कुंडी नेली.
ट्रॅममध्ये तिचंही तिकीट काढलं.
मग सासूची जीभ,
त्या झाडाला आमच्याकडे हेच म्हणतात,
आणि ती सासूकडूनच आलेली.
सासू गेली. जीभ वाढतेच आहे.
मग कोरफड, खोकल्याला, मधातून.
आणि सायक्लामेन, जे समोरची ल्युडमिला
दर वसंतात मेलं म्हणून जिन्यात ठेवते
आणि ही उचलून आणते.

मी प्रत्येकापुढे फुली मारत गेले.
सगळी?
सगळी. मांजराला सगळी विषारी.
"अकरा वर्षं हा त्यांच्यातच झोपतो, डॉक्टर.
एका पानाला दात लावला नाही."
मी तिच्या माणसांवर आळ घेतल्यासारखी
ती ताठ झाली खुर्चीत.

मग दिवा खाली ओढला तेव्हा दिसलं :
नाकावर, मिशांवर, उजव्या पंजावर
तांबूस पिवळं काहीतरी,
कुणाची उष्टी हळद लागावी तसं.

"लिली?"

ती बराच वेळ मफलरची गाठ सोडवत राहिली.
"इमान्ट्सने आणल्या. वाढदिवसाला.
पाच."

पाच, कारण आमच्याकडे जिवंत माणसाला
विषम फुलं देतात. सम फुलं थडग्यावर.
इमान्ट्स कारखान्यात तिच्या शेजारच्या टेबलावर
एकोणीस वर्षं तारा जोडायचा,
आणि या वर्षी पहिल्यांदा
फुलं घेऊन चार मजले चढला होता.

मी तिला सांगितलं
जे मला दिवसातून एकदा तरी कुणाला सांगावं लागतं :
पाकळी नको, पान नको,
अंगावरचा पराग चाटला तरी पुरे,
फुलदाणीतलं पाणी प्यायला तरी पुरे.
मूत्रपिंडं. तीन दिवस सलाईन.
नंतर बघू.
"नंतर बघू" हे मी भिंतीकडे बघून म्हणते.

ती म्हणाली, "त्याने एकच फूल तोडलं.
उरली चार.
चार बघून मला धस्स झालं, त्याच्या ओकण्याआधीच.
कचऱ्यात टाकताना
मी आणखी एक मोडलं. तीन केली.
पण मोजायचं कुठून, डॉक्टर?
मोडलेली धरायची की नाही?"

मला ठाऊक नव्हतं.
मी त्याचा पाय भादरला, शीर शोधली.

दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन वाढलं.
तिने सासूची जीभ ल्युडमिलाकडे नेऊन ठेवली,
कोरफडसुद्धा.
डिफेनबाखिया मात्र कपाटावर चढवली, छतापाशी,
पानं वाकवून, माफी मागितल्यासारखी.
हे सगळं ती फोनवर सांगायची,
मी न विचारता.

तिसऱ्या पहाटे, पाच वाजून दहा मिनिटं,
पिंजऱ्यातलं फडकं ओलं.
मी हात लावून पाहिला, वास घेऊन पाहिला,
आणि हातमोजे न काढताच फोन लावला.
"मुतला," म्हणाले. "भरपूर."
तिकडे बराच वेळ काही नाही,
मग नाक शिंकरल्याचा आवाज.

अजून काही सांगता येत नाही, मी म्हणाले.
हो, म्हणाली. हो हो.

मग एकदम आवाज खाली आणून,
जणू इमान्ट्स जिन्यातच उभा आहे :
"रोज संध्याकाळी फोन करतो.
विचारतो, फुलं कशी आहेत."

"तुम्ही काय सांगता?"

"सांगते, टवटवीत.
कालच एक कळी उमलली म्हणून सांगितलं.
आता किती दिवस
उमलवत ठेवू?"