मागचं दार

माणसं इस्पितळ समोरून बघतात.
मी मागून बघते.

सकाळी साडेसातपासून उभी होते
पुंता अरेनासच्या त्या गल्लीत, जिथे वारा असा
की नगरपालिकेने कोपऱ्याकोपऱ्याला दोर बांधलेत,
धरून चालायला.
रात्रपाळी आठला सुटते, असं कागदावर आहे.
आठ वाजून बारा मिनिटांनी पहिली बाहेर आली.
साडेआठला तिघी, एकमेकींशी न बोलता.
पावणेनऊला एक थोराड बाई
पायरीवर बसली, बूट काढला,
टाच दाबत राहिली बराच वेळ
जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे, पेशंटची.

पाऊण तास. मी वहीत मांडला.
तेमुकोच्या इस्पितळात वही नव्हती माझ्याकडे,
म्हणून तिथून निघायला नऊ वर्षं लागली.

दहाला मुलाखत.
भरतीचे आरावेना साहेब, मऊ हातांचे,
स्कॅनचं नवं यंत्र दाखवत होते,
लॉबीतली काच, काचेवरचा डोंगर,
चौकटीत हसणारी परिचारिका, जिच्या गणवेशाला
एकही डाग नाही.
"आम्ही इथे एक कुटुंब आहोत."
मी मान डोलावली. कुटुंबात
कोण शेवटी जेवतं, ते ठाऊक आहे मला.

"चहाची खोली बघू का?"
ते थबकले. हे कुणी विचारत नसावं.
खोली म्हणजे जिन्याखालची सांद.
चार खुर्च्या, अकरा कप,
टेबलावर अर्धा पाव, दातांची खूण तशीच.
कुणीतरी चावता चावता उठून धावलेलं.
बोट लावून पाहिलं. दगड झाला होता.
म्हणजे ती परत आलीच नाही.

भिंतीवर ड्यूटीचा तक्ता.
पगाराचं पत्र गोड बोलतं, तक्त्याला ते जमत नाही.
खोडरबराने कागद झिजलेला,
बुधवारच्या रात्रीतून तर पलीकडची भिंत दिसते.
तीस खाटा, तीन नावं, त्यातलं एक खोडलेलं.
पण कडेला पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
"शनिवारी यास्नाच्या पोराचा वाढदिवस.
हिला सोडा. मी येते. — ओ."

ओ म्हणजे कोण?
साहेबांना सांगता येईना.

ओ म्हणजे ओयार्सून, मुख्य परिचारिका.
वॉर्डात सापडली, एका म्हाताऱ्याच्या
मिशीतलं सूप पुसत होती.
मी ठेवणीतला प्रश्न काढला.
इथे कुणाच्या हातून चूक झाली, तर?

तेमुकोत मिलाराईने चुकीची सलाईन लावली होती.
पेशंट वाचला. मिलाराई नाही वाचली,
म्हणजे जिवंत आहे, कारखान्यात मासे साफ करते,
माझा फोन उचलत नाही.
त्या रात्री चाळीस खाटांना आम्ही दोघी होतो.
चौकशीचे अठरा कागद झाले,
दोन हा आकडा एकाही कागदावर आला नाही.

ओयार्सूनने टॉवेल पिळला.
"आधी पेशंट बघते.
मग विचारते, त्या रात्री किती जणी होतात."
"आणि मग?"
"मग वर लिहून पाठवते.
सहा वर्षं पाठवतेय. माणसं दिली नाहीत अजून."
हसली नाही. पलीकडे बेल वाजली,
तशी साहेबांना आणि मला तिथंच टाकून गेली,
चालतच, पण असं चालणं
की धावणाऱ्याने लाजावं.

दोर धरून परत आले.
वहीत डावीकडे: पाऊण तास, पाव,
खोडलेलं नाव, सहा वर्षं.
उजवीकडे पेन्सिलीची एक ओळ.
बेरीज होत नाही. कशी होणार,
डावीकडे इमारत आहे, उजवीकडे एक बाई,
आणि बाया निवृत्त होतात.
तिला अठ्ठावन्न तरी असतील.

सही केलेली नाही.
फक्त निघताना मागच्या दाराशी
भांडारात डोकावले,
छत्तीस नंबरचे बूट मिळतात का,
तेवढं विचारून आले.