होल्ड

घर पाहावं बांधून, म्हणतात.
विकून पाहावं, असं कुणी म्हणून ठेवलेलं नाही.
त्यामुळे मला विचारायला म्हण नाही,
फक्त लुंकड आहेत.

भाद्रपदात लुंकड म्हणाले, आत्ता नको, पितृपक्ष आहे,
या पंधरवड्यात लोक फुकट दिलं तरी घर बघत नाहीत.
दसऱ्याला म्हणाले, दिवाळी होऊ द्या, बोनस हातात येऊ दे लोकांच्या.
मार्गशीर्ष चांगला होता,
पण मार्गशीर्षात माझ्या भाचीचं बाळंतपण.
पौषात कोण व्यवहार करतं?
मग मेट्रो.
स्वारगेटच्या पुढे सरकू द्या मॅडम,
फुटामागे हजार-दीड हजार आपोआप.
मेट्रो जमिनीखाली आहे.
ती सरकली की नाही, मला कसं कळणार?

तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
मी लोकांना 'होल्ड करा' म्हणत आले.
ते पलीकडे काय करत असतील, याचा विचार केला नव्हता.
आता येतो.
वायर बोटाला गुंडाळत असतील,
भिंतीवर पेन्सिलने काहीबाही काढत असतील.

पाचशे साठ फूट. तिसरा मजला. लिफ्ट नाही.
जाहिरातीत 'हवा-उजेड भरपूर' असं घालायचं ठरलंय.
हवा आहे.
उजेड अर्धा नेला समोरच्या टॉवरने,
आणि त्याच्याबरोबर तळजाईचा तो तुकडा
जो मी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत बघत उभी असायचे.
अर्ध्या उजेडाचा भाव लुंकड पूर्णच सांगतात.

फाल्गुनात एक जोडपं येऊन गेलं, सहज, अंदाज घ्यायला.
मुलीने स्वयंपाकघराच्या भिंतीवर टकटक केलं,
जसा डॉक्टर छातीवर करतो,
आणि म्हणाली, ही पाडता येईल.
अडतीस वर्षं मी त्या भिंतीला वळसा घालून चहा आणला.
पाडता येते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
ते गेल्यावर मीही टकटक करून पाहिलं.
खरंच पोकळ आहे.

भाची म्हणते, मावशी, बावधनला ये,
दोन लिफ्ट आहेत, एक बंद असली तर दुसरी.
मी म्हणते, येईन गं, भाव येऊ दे.

मग मागच्या मंगळवारी
दुसऱ्या मजल्यावर, बागवानांच्या दाराबाहेर, एक खुर्ची दिसली.
निळी, प्लास्टिकची.
एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी, डुगडुगू नये म्हणून.
कुणासाठी, ते कुणी बोललं नाही.
शाहीन जाळीच्या दाराआड कोथिंबीर निवडत बसली होती,
तिने वर पाहिलं नाही.
मुद्दाम पाहिलं नाही.

बुधवारी मी खुर्चीशेजारून वर गेले.
गुरुवारीही. जरा जोरातच पाय आपटत.
शनिवारी पिशवीत दोन किलो बटाटे होते.
बसले.

आतून कुकरची शिट्टी झाली.
मग दुसरी.
पुठ्ठ्याची घडी नीट केलेली होती, चार पदरी,
कुणीतरी आधी स्वतः बसून, हलून बघितलं असणार.
तिसऱ्या शिट्टीला मी फोन काढला.

लुंकड, फोटो काढायला माणूस पाठवा.
आत्ता? मॅडम, आषाढ लागतोय, पुढे चातुर्मास,
कार्तिकापर्यंत थांबलात तर—
मी म्हटलं, सोमवारी पाठवा. सकाळी.
अर्धा आहे तो उजेड सकाळीच असतो.
ते म्हणाले, एक मिनिट हं, दुसरा फोन येतोय,
होल्ड करा.

केलं.
बटाट्यांची माती लागलेल्या नखाने
जिन्याच्या भिंतीचा एक पोपडा काढत बसले.
वरच्या सतरा पायऱ्या तिथेच होत्या.
शाहीनने जाळी उघडून न बोलता
पाण्याचा ग्लास खुर्चीच्या हातावर ठेवला.