समुद्रसपाटीपासून

नगर निगमात माझ्या टेबलावर शहर पसरलेलं असतं.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
पंचिंग मशीन, पाण्याची बाटली, टेंबेसाहेबांचा पानाचा डबा,
आणि चौथीच्या सहलीत मी किल्ल्यावरून उचललेला एक दगड.

पिवळं म्हणजे राहणं.
निळं म्हणजे दुकानं.
हिरवं म्हणजे झाडं, निदान कागदावर.
आणि भिंड रोडपलीकडे, महाराजपुऱ्याच्या धावपट्टीच्या टोकापासून
तिरप्या रेघांचं एक नरसाळं उघडतं,
रॉकेलच्या डब्याला असायचं तसं.
त्यात सापडलेल्या घरांच्या फायली माझ्याकडे येतात.

हरविलास कुशवाह चौथ्यांदा आले.
धाकट्या सुनेसाठी वर एक खोली हवी.
मी सांगितलं, तुमच्या छताची उंची
समुद्रसपाटीपासून एकशे चौऱ्याण्णव मीटर पन्नास,
परवानगी एकशे शहाण्णव साठपर्यंत.
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.
पंक्चरवाला, कडुनिंब, उन्हात बसलेली म्हैस.
“मॅडम, समंदर कहाँ है यहाँ?”

मला उत्तर माहीत होतं, म्हणजे पाठ होतं.
ते मी दिलं नाही.

उरतात दोन मीटर दहा, स्लॅब धरून.
आमचाच दुसरा नियम सांगतो:
राहत्या खोलीची उंची पावणेतीन मीटरहून कमी नको.
खालून एक नियम, वरून एक,
आणि मध्ये ती खोली,
जिच्यात कायद्याने उभं राहता येत नाही
आणि कायद्याने बसताही येत नाही.

त्यांनी पिशवीतून पावती काढली, एक्क्याण्णव सालची,
घडीवर फाटलेली, सेलोटेप पिवळा पडलेला.
प्लॉट विकणाऱ्याने म्हणे सांगितलं होतं,
इथे शेजारी कधीच उंच काही होणार नाही,
हवा येत राहील.
आयुष्यात त्याने एवढं एकच खरं सांगितलं असेल.

त्याच आठवड्यात घारींची तक्रार आली होती.
घारींवर नोटीस तामील होत नाही,
म्हणून ती बशारतच्या मटणाच्या दुकानाला गेली.
त्याने अंगठ्याशेजारी नीट सही केली
आणि विचारलं, कचऱ्याचा ढीग कोणाचा?
ढीग आमचा होता.

गुरुवारी मोजणीला गेले.
टेप, लेव्हल, छत्री, आणि छत्री धरायला दामोदर.
त्या वस्तीत बोलणं अर्ध्यावर थांबतं,
भांड्यांचा थरकाप होतो, तान्ही पोरं तोंड उघडी ठेवतात,
आणि विमान गेलं की
वाक्य त्याच अक्षरापासून पुढे सुरू होतं.
चहा देताना हरविलासच्या बायकोने विचारलं, “साखर कि—”
आम्ही सगळे थांबलो.
वर राखाडी पोट, चाकं उघडलेली,
इतकं जवळ की खिळे मोजावेत.
“—ती?”
मी म्हटलं, एक चमचा.

त्या विमानातही कोणाचा तरी पोरगा असतो.
पंख तिरका झाला, तर ही गच्ची त्याला हात देणार नाही,
उलट आडवी येईल.
हे मी टेंबेसाहेबांना न विचारता मानते.
नरसाळ्याची रेघ मीच ओढली आहे,
शून्य-दशांश-तीनच्या पेनने, श्वास धरून.

गच्चीवर धाकटी सून कपडे वाळत घालत होती.
तार उंच बांधलेली, म्हणून ती तेलाच्या डब्यावर चढली,
ओली चादर झटकली
आणि दोन्ही हात वर केले.

लेव्हलच्या काचेत मला तिची बोटं दिसली.
एकशे शहाण्णव मीटर पंच्याहत्तर.

दामोदर वही उघडून उभा होता.
“लिहू का, मॅडम?”

तेवढ्यात दुसरं विमान आलं.
मी काहीतरी बोलले.
त्याला ऐकू गेलं नाही,
आणि ते गेल्यावर मी
त्या अक्षरापासून सुरू केलं नाही.