डेलिबरेटली

खानापूरच्या कोर्टात पंखा एकच,
तो साहेबांच्या डोक्यावर.
फिर्याद इंग्रजीत, वकील बेळगावचा,
साहेब कन्नड बोलणारे,
आणि रत्नव्वा कुंभार, वय अडुसष्ट, मराठी.
मधे मी, दिवसाच्या भत्त्यावर.

आरोप असा :
पुतण्याच्या भट्टीवरच्या सतरा घागरी
तिने काठीने फोडल्या,
डेलिबरेटली.

शब्द माझ्या ओळखीचा.
कॅम्पातल्या शाळेत मिनेझिस सर सांगायचे,
ह्याच्या पोटात तराजू आहे रे.
शेवट ताणून म्हणाल तर विचार करणं,
आखडून म्हणाल तर ठरवून केलेलं.
आम्ही तेव्हा सरांच्या मानेकडे बघून हसत होतो.

साहेबांसाठी कन्नडात : बेकंतले.
बेकु म्हणजे पाहिजे.
पाहिजे म्हणून केलेलं. थोडी हाव आहे त्यात.
मराठीत हेतुपुरस्सर चाललं असतं,
पण तो शब्द रत्नव्वाच्या दारात
चपला काढून तासभर उभाच राहिला असता.
जाणूनबुजूनमध्ये तर आधीच पोलीस बसलेला.
म्हणून विचारलं,
आज्जी, मुद्दाम केलंस काय?

"मुद्दामच आलोय की.
आज नंदगडचा बाजार, त्यो सोडून आलोय."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.
मुद्दामचा हा दुसरा खिसा मी विसरलोच होतो :
मुद्दाम आलो, मुद्दाम राखून ठेवलं,
मुद्दाम तुझ्यासाठी.
हात घातल्यावर कधी कुंदा लागतो,
कधी दगड.

आणि घागरी?
"त्या व्हय. त्या बी मुद्दाम."
टायपिस्टची बोटं पळाली.
"थांब की बाबा, पुरतं ऐक.
एकेक वाजवून बघितलो.
खणखणली ती ठेवलो,
थप्प बोलली ती फोडलो.
लाकूड वाचवतोय त्यो, कच्चंच काढतोय.
आठ दिसात गळाय लागली की
लोकं नाव कुणाचं घेणार? त्याचं?
माझ्या सासऱ्याचं घेणार."

साहेब माझ्याकडे बघत होते.
मी तो शब्द तळहातावर घेऊन बसलो,
जरा जास्तच वेळ.
मग सगळं कन्नडात सांगितलं, पहिल्यापासून,
वाजवणं, कान देणं, फोडणं.
थप्पला थप्पच म्हणालो.
साहेबांनी पेनचं टोपण दोनदा टेबलावर टकटकवलं
आणि पुढची तारीख दिली.

बाहेर चिंचेखाली तिनं पदरानं तोंड पुसलं.
"त्या इंग्रजी कागदात मला काय म्हणून लिवलंय?"
सांगितलं.
"डेलिबराट," ती पुटपुटली,
बोटाचं पेर बाकावर आपटलं,
कान लावला.

"जरा कच्चाच हाय."