काचसामान

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीमागे मेंदू काढला,
फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा,
आणि पेनाचं टोक अगदी खाली टेकवून म्हणाले,
इथे एक काळा ठिपका असतो, मयेकर.
तुमचा फिकट पडलाय.

बत्तीस वर्षं इंदिरा डॉकवर क्रेन चालवली
तरी कधी मनात आलं नाही
की माझ्या आतही कोणी उंच केबिनमध्ये बसलाय
आणि त्याला खालचं दिसत नाही.

क्रेनवाल्याला नीट दिसत नाहीच.
जहाजाच्या पोटात काय आहे, ते खालचा सांगतो, हातांनी.
आमचा सांगणारा इस्माईल खोत, दाभोळचा.
तर्जनी वर करून फिरवली की उचल.
मूठ वळली की जिथे असशील तिथे थांब.
बोटांची चिमूट, म्हणजे
हळू रे बाबा, काचसामान आहे.

एक गोष्ट मात्र कोणी खालून सांगू शकत नाही.
ओझं झुलतं.
पोचल्यावर ब्रेक मारलास तर उशीर झाला.
थांबायला दहा हात अलीकडूनच लागायचं,
जे अजून घडलेलं नाही त्याच्या अंदाजाने.

तांडेलबाई व्यायाम घेतात, त्या म्हणाल्या,
मानेच्या वर मागे छोटा मेंदू असतो, त्याचं हेच काम.
कपाला बोट लागायच्या आत
त्याने कपाचं वजन मनाशी धरलेलं असतं.
(रिकामी कळशी भरलेली समजून उचलली
की हात कसा उडतो, आठवा.)

पण माझं ओझं झुलत नाही.
माझी क्रेनच निघत नाही.

घोडपदेवच्या दोन खोल्या.
स्वयंपाकघराचा उंबरठा, जेमतेम दोन इंच.
सुलभा खाली गेलेली, गॅसवर चहा वर येतोय,
बंद करायला चार पावलं,
आणि तळवे फरशीत रोवलेले.
इच्छा होती. हुकूमही निघाला असेल.
मधल्या कुठल्यातरी टेबलावर
सहीसाठी पडून राहिला.
चहा उतू गेला. मी बघितला, शेवटच्या थेंबापर्यंत.

मग तांडेलबाईंनी फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या मारल्या.
म्हणाल्या, चालू नका. रेघ ओलांडा फक्त.
आणि गंमत बघा,
चालायचं म्हटलं की जे पाय बहिरे होतात
ते ओलांडायचं म्हटलं की ऐकतात.
म्हणे तो रस्ताच वेगळा,
डोळ्यांकडून येणारा, काळ्या ठिपक्याला वळसा घालून.
पोर्ट ट्रस्टमध्ये तीस वर्षं अडलेली कामं
मी अशीच होताना पाहिली आहेत.

रविवारी इस्माईल आला.
त्याला हल्ली ऐकू कमी येतं, त्यामुळे बोलतोही कमी.
लादी पुसताना पट्ट्या निघालेल्या.
तो आत ओट्यापाशी, सुलभा कप विसळतेय,
मी उंबरठ्याच्या अलीकडे, पुतळा.
सुलभा हात धरायला निघाली.
त्याने तिला थांबवलं.
वर बघितलं, जणू माझी केबिन छतापाशी आहे,
आणि तर्जनी फिरवली.

डावा पाय उचलला गेला.
मी उचलला म्हणवत नाही. नाही उचलला असंही नाही.
उंबरठ्याच्या वर तो क्षणभर लटकला,
आणि इस्माईलची बोटं
चिमटीत आली.

"काय आहे रे खाली?" मी ओरडलो, जुन्या सवयीने.
त्याला ऐकू गेलं.
"चहा," तो म्हणाला. "निवतोय."